हॉलमधले चार ठिपके

९ मे

ती. आईस सा. न.,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहून विचारते. घडलं ते असं:

१. मी दिलेलं केर काढायचं यंत्र फिरता फिरता घराचा नकाशा काढतं. तो माझ्या फोनवर येतो.
२. मागच्या सोमवारपासून हॉलमध्ये खिडकीखाली मोठा आयत दिसतो. मापानं तो तुमचा पलंग आहे.
३. पलंगाजवळ चार ठिपके आहेत. खुर्चीचे पाय म्हणावेत, तर ते सारखी जागा बदलतात.
४. मी विचारलं, तर तू म्हणालीस की इकडे सगळं मजेत आहे, आणि मी नीट जेवते का.

मी नीट जेवते. इथे पंपांची चाचणी सुरू आहे. पहिल्यांदाच पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आहे. पलंग हॉलमध्ये का आला, एवढं कळव. बाबांची तब्येत ठीक आहे ना?

तुझी लेक

१३ मे

चि. फुटपट्टीस अनेक आशीर्वाद.

अगं, आईबापाच्या घरात हेर पेरलास की काय? तुझ्या त्या कासवाला मी केर काढायला ठेवलंय, चहाड्या करायला नाही. बाबा म्हणतात, त्याचा पगार कापा.

यंदा उन्हानं कहर केलाय. आपली झोपायची खोली गच्चीखालची, संध्याकाळी तव्यासारखी तापलेली असते. त्यात भिंतीपलीकडचे दातांचे डॉक्टर. दिवसभर दवाखान्यात दात कोरतात आणि घरी आल्यावर भिंती. म्हणून पलंग हॉलमध्ये आणला. ठिपके म्हणजे कपडे वाळत घालायचा स्टँड. बाबा ठणठणीत आहेत. तू चाचणी पार पाड, इकडे धावत यायचं काही कारण नाही.

माया आहेच; चौकश्या तेवढ्या आवर.

तुझी आई

१७ मे

ती. बाबांस सा. न.,

हे पत्र मुद्दाम तुम्हाला. उन्हाचं पटलं. डॉक्टरांच्या ड्रिलचंही पटलं. फोनवर ते मलाही ऐकू येतं. स्टँडचं पटलं नाही. कपड्यांचा स्टँड कधी बाथरूमच्या दाराशी, कधी स्वयंपाकघरात जात नाही. ठिपक्यांमधलं अंतर वॉकरच्या पायांइतकं आहे.

आधी वाटलं, तुम्ही पडलात. पण ठिपके बहुतेक वेळा ओट्यापाशी असतात, आणि तुम्ही तिथे फक्त चहा झाला का विचारायला जाता. म्हणजे वॉकर आईचा आहे. तरीही यंत्राच्या नोंदीत ओट्याखालचा कचरा दुपटीनं वाढलेला दिसतो. ते कोडं मला सुटलेलं नाही.

खरं काय ते कळवा, आणि लोभ असू द्या.

तुमची लेक

२१ मे

चि. फुटपट्टीस आशीर्वाद.

पकडलंस. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याला मुका मार बसला. हाड शाबूत आहे. डॉक्टर (हाडांचे, भिंतीवाले नव्हेत) म्हणाले, महिनाभर वॉकर. तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. पोरगी सगळं टाकून येईल आणि अशी संधी पुन्हा मिळायची नाही, म्हणाली.

कचरा माझा. हल्ली स्वयंपाक मी करतो. ती वॉकर धरून शेजारी उभी राहते आणि मी मीठ घालायला लागलो की डोळे मिटून घेते. तुझ्या कासवाला अजीर्ण झालंय.

उन्हं उतरली की आम्ही खिडकीशी बसतो. ती तुझाच विषय काढते आणि वर मला बजावते, तिला येऊ नको म्हणा. तिचा निरोप पोचवला. मानायचा का, ते तू बघ.

बाबा

२४ मे

ती. आईबाबांस सा. न.,

चाचणी अजून पंधरवडाभर चालेल. ती मी सोडणार नाही. पण शनिवार-रविवार माझा सहकारी सांभाळेल. साहेबांशी बोलून ठेवलंय.

बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची आहे. किती उंचीवर, ते नकाशावरून कळत नाही. आईचा हात भिंतीला जिथे सहज टेकतो, तिथे बाबांनी पेन्सिलीनं खूण करून जमिनीपासून मोजावं.

आई, पलंगापासून ओट्यापर्यंत सरकणारे ते ठिपके मी रोज बघते. आता नुसतं बघवत नाही. येऊ का?

माप आणि उत्तर, दोन्ही गुरुवारपर्यंत पाठवा. 'इकडे सगळं मजेत' हे उत्तर धरलं जाणार नाही.

फुटपट्टी