मराठीतून बचाव

शनि., १० जाने.
हरलो. अबू धाबीवाल्यांकडून, तेही आपल्या मैदानावर. शी!
अमेरिकन फुटबॉलमध्ये सात सीझन लाइनबॅकर आहे मी, चार वेळा बेस्ट डिफेंडर. बचावाच्या मधोमध उभं राहून कोणी कुठे धावायचं ते मीच ओरडतो, आणि मराठीत ओरडतो. डावीकडे! मागे! आपल्या लेबनीज, फिलिपिनो सगळ्यांना पाठ. समोरच्यांना आजवर ओ की ठो कळलं नाही. आज मी तोंड उघडलं की ते खेळी बदलायचे. त्यांचा नवा भिडू कोण, तर अनिकेत! पुण्याचा. माझ्याच ऑफिसातून मीच खेळायला आणला, हेल्मेट घालायलासुद्धा मीच शिकवलं. नोकरी बदलून तिकडे गेला नि खलास.
वर मिठी मारून म्हणतो, "दादा, ऐकू आलं तर काय कान बंद करू?" मेल्या!

सोम., १२
गुडघा सुजलाय. फायनल पुन्हा त्यांच्याशीच. कोच म्हणतो, आता तुझ्या जागी करीम ओरडेल, इंग्लिशमध्ये. करीम चोवीसचा, मी एकोणचाळीसचा. हे काम गेलं की मला टीममध्ये कोण ठेवणार? लेक म्हणाली, "डॅडा, जस्ट रिटायर." रागाने जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

बुध., १४
ग्लेंडाची, म्हणजे बायकोची, आयडिया. "एवढा काय चिडतोस? आपली वसईची सामवेदी बोली बोल ना. त्या पुणेकराला काय डोंबल कळणार?"
कोचला पटवलं. एका अटीवर: फायनलला त्यांनी एक जरी टचडाउन केलं, म्हणजे बॉल घेऊन आपली शेवटची रेषा ओलांडली, की पुढे करीम ओरडणार.

मंगळ., २०
टीमला फक्त सात सामवेदी शब्द शिकवतोय. तरी डावं म्हटलं की उजवीकडे पळतात! करीम खी खी हसतो. घसा बसला. डोकं फिरलंय नुसतं.

शुक्र., ३०
सातही शब्द बरोबर. करीमचेसुद्धा. उद्या फायनल...

शनि., ३१
सकाळी अनिकेतचा फोन. "दादा, गुड न्यूज. लग्न ठरलं. मुलगी तुमच्या वसईचीच!"
अरे वा, म्हटलं.
"होणाऱ्या सासूबाई फोनवर सामवेदीच बोलतात हो. थोडं थोडं कळायला लागलंय."
किती कळतं, ते विचारायचं धाडस झालं नाही. ग्लेंडालाही सांगितलं नाही. ती खाली गाडी काढून थांबलीय. बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधतोय.