विजूचा किल्ला आणि माझं पुस्तक

४ मे १९८७, सोमवार
पैज लागली! विजूने तो किल्ल्याचा खेळ पुस्तक न बघता संपवला, तर पुण्याच्या कॉम्प्युटर कोर्सच्या फॉर्मवर मी सही करणार. नाही संपवला, तर इथेच जयपुरात बी.ए. आणि मग रेल्वेची परीक्षा. मुदत ३१ तारखेपर्यंत.

मीच जिंकणार. पुतणीचे लाड म्हणून उत्तमने मस्कतहून कॉम्प्युटर आणून टीव्हीला जोडून दिला, त्याला सहा महिने झाले. पोरगी अजून पुलावरच मरते! खेळात ती लढवय्यी बाई असते. ताकद, अक्कल, शिधा — सगळं मोजून दिलेलं. समोर इंग्रजीत लिहून येतं, हिने हुकूम टाइप करायचा. चुकली की मेली.

सगळ्या वाटा सांगणारं पुस्तकही उत्तमनेच दिलंय. पण बाईसाहेब हात लावत नाहीत. "पुस्तक बघून खेळायचं, मतलब मग खेळायचंच कशाला, बाबा?"

अगं, एकवीस वर्षं इंजिन चालवतोय! नवीन सेक्शनवर आधी माहितगार ड्रायव्हरबरोबर फेऱ्या मारायच्या, चढ-उतार, सिग्नल पाठ करायचे, रोड कळला म्हणून सही द्यायची. मग गाडी हातात मिळते. त्यात कमीपणा कसला?

७ मे
पुस्तक डब्याच्या पिशवीतून ड्यूटीवर फुलेऱ्याला नेलं. ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये बाकीचे घोरत होते, मी डिक्शनरी घेऊन बसलो. दोन ड्यूट्यांत संपेल. पुलावरच्या राक्षसाला विहिरीतल्या तलवारीने मारायचं. विजूला ती विहीरच सापडलेली नाही!

११ मे
तिच्यामागे खुर्ची टाकून बसलो. उत्तरेला वळ, वळ ना बाई! वळली नाही. मेली. मनातल्या मनात हसलो.

१६ मे
आमची ही, द्वारका, म्हणाली, "पोरगी हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला बाप पहिल्यांदाच बघतेय."

हिला काय जातंय बोलायला! पुण्यात पोर एकटी कुठे राहील, काय खाईल, ताप आला तर कोण बघेल? मला भीती वाटते. झालं, लिहून टाकलं. तोंडाने म्हणणार नाही.

२३ मे
घात केला मी!

विजू भुयारात थांबली होती. बराच विचार करून तिने उत्तर दिशा टाइप केली आणि माझ्या तोंडून निघालं — "क्लियर!" ड्यूटीवर सिग्नल मिळाला की मी आणि असिस्टंट दोघं मोठ्याने पुकारतो. एकवीस वर्षांची सवय, जीभ कुठली थांबायला! विहिरीचीच वाट होती ती.

विजूने मागे वळून पाहिलं. "तुम्ही पुस्तक वाचलंत."

सहा महिन्यांचा डाव जिच्यावर साठवला होता ती कॅसेट तिने लावली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पुसून टाकली. "आता पहिल्यापासून. आणि त्या वाटेने मी जाणार नाही."

"अगं वेडे, आठच दिवस राहिलेत!" मीच ओरडलो. जिंकत होतो मी, आणि मीच ओरडलो.

२४ मे
माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट कॉम्प्युटरपाशी.

२७ मे
दुपारी लाइट गेली, चार तासांचा डाव बुडाला. पोरीचे डोळे भरून आले. मला राहवेना. म्हटलं, दोन दिवस वाढवून देतो.

"नको. नियम म्हणजे नियम. तुम्हीच शिकवलंत."

हट्टी कार्टी! कोणावर गेलीय कोण जाणे.

३१ मे, रविवार
संध्याकाळी पुलावर पोचली. विहिरीकडे फिरकलीच नव्हती, तलवार कुठून येणार! राक्षस आडवा आला. मी खुर्ची घट्ट धरली. तोंडही घट्ट मिटलं.

तिने शिध्यातली शेवटची भाकरी त्याला दिली.

राक्षस खात बसला! ही पूल ओलांडून पलीकडे! किल्ल्याचं दार उघडलं, टीव्हीभर अभिनंदन झळकलं. विजू किंचाळली, द्वारकेने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

मग पुस्तक काढलं. दोनदा वाचलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. भाकरीचं कुठेच काही नाही.

१ जून
सही केली. पुण्यात माझ्या ओळखीचं कुत्रंही नाही, एक गल्ली माहीत नाही. तरी केली.

"सोडायला याल ना, बाबा?"

म्हटलं, "येतो. पण पुढे तू चालायचं."