तांबडा, पांढरा आणि तुमची चलाखी

प्रिय अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय आयुष्यभर लागली नाही, आता तुम्ही गेल्यावर काय लागणार! तेव्हा पत्रातसुद्धा 'अहो'च.

लिहायचं कारण म्हणजे, शनिवारी मी मंडळाच्या मीटिंगमध्ये भांडून आले. तुमच्यावरून. म्हणजे तुमच्या रश्श्यावरून. घरी येऊन हे सगळं तुम्हालाच सांगायचं होतं आणि तुम्ही नाही, म्हणून हा कागद.

आपल्या कार्डिफच्या मंडळाचं वार्षिक जेवण पुढच्या रविवारी आहे. दरवर्षीसारखं ज्याच्या-त्याच्या गावचं एकेक टेबल. पुण्याचं, नागपूरचं आणि आपलं कोल्हापूरचं. कोल्हापूरचं टेबल म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच. तुमच्या माघारी हे पहिलं जेवण. तर आपले अध्यक्ष वसंतराव मला अगदी मायेनं म्हणाले, "वहिनी, तुम्ही अजिबात स्ट्रेस घेऊ नका. आपण टेकअवेमधून व्हेज कोल्हापुरी आणि चिकन कोल्हापुरी मागवू. टेबलावर भाऊंचा फोटो ठेवू. थोडं माइल्ड सांगतो, मुलं खाणार आहेत ना."

व्हेज कोल्हापुरी! अहो, रंकाळ्यापासून शाहूपुरीपर्यंत कुणाच्या घरी कधी व्हेज कोल्हापुरी शिजलेली तुम्ही पाहिलीत? इथल्या मेन्यूकार्डावर नावापुढे तीन मिरच्या काढल्या की झालं कोल्हापूर! मिसळ घाम काढते, कबूल. तांबडाही काढतो. पण पांढरा रस्सा प्याला की जीभ निवते, हे या लोकांना कुणी सांगायचं? आणि त्या रंग घातलेल्या ग्रेव्हीमागे तुमचा फोटो! माझं डोकंच फिरलं.

मी म्हटलं, "मुलांची काळजी नको. आमच्याकडे मटण शिजलं की पहिली वाटी अळणी रश्श्याची, ती मुलांचीच. मग पांढरा, मग तांबडा, सोबत सुकं आणि भाकरी. आणि दोन्ही रस्से मागाल तितके. फॉइलच्या डब्यातून मापात मिळतं ते कोल्हापूरचं जेवण नव्हे. टेबल मी लावणार."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बघणारच. आपल्या घरी मटण तुम्ही करायचात हे अख्ख्या मंडळाला ठाऊक. तुमच्या घराण्याची रीतच ती! रविवारी गड्यांनी पातेल्यापाशी उभं राहायचं, बाईनं कांदे चिरून द्यायचे आणि तव्याकडे बघायचं. "बायकांच्या हाताला मटणाची चव येत नाही," असं तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणायचात आणि सगळे हसायचे. मला राग यायचा. आज लिहूनच देते, फार राग यायचा!

तर फुशारकी मारून आले आणि काल पहिल्यांदा घाट घातला. तुमच्याच खाटकाकडून बोकडाचं मटण आणलं. त्यानं तुमची चौकशी केली, तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. तांबडा जमला. तुमच्या बहिणीनं, आक्कांनी, पाठवलेली कांदा-लसूण चटणी होतीच. सुकं खोबरं, तीळ, खसखस तुमच्यासारखंच काळपट भाजलं. स्मोक अलार्म बोंबलला, आपली मधुरा खुर्चीवर चढून टॉवेल हलवत राहिली, पण रश्श्यावर तवंग असा आला म्हणून सांगू!

पांढरा मात्र फाटला. नारळाचं दूध घातलं आणि बघता बघता चोथा वेगळा, पाणी वेगळं. इतके रविवार त्याच स्वयंपाकघरात काढले आणि मला हे येऊ नये?

फोनकार्ड आणून कोल्हापूरला आक्कांना फोन लावला. आक्का म्हणाल्या, "मला काय ठावं गं? आपल्यात मटण गडीमाणसंच करत्यात की. दादा मला बी पातेल्याजवळ येऊ द्यायचा न्हाई." शाब्बास! म्हणजे बहिणीपासूनही लपवलंत.

आज सकाळी ओट्यापाशी उभी राहिले आणि डोळे मिटून तुमचा एक रविवार पहिल्यापासून आठवला. अळणी गाळून घेतलंत. तुपात लवंग, मिरी, वेलदोडा टाकलात. खसखस-काजूचं वाटण परतलंत, अळणी ओतलंत. आणि मग? मग म्हणालात, "शालन, भाकरी टाक."

अहो, नेमकी दूध घालायच्या वेळेलाच कशी आठवायची हो भाकरी? दर रविवारी? मी तव्याकडे वळायची आणि परत बघेपर्यंत रस्सा पांढराशुभ्र तयार! बायकोशीसुद्धा एवढी चलाखी?

पण पाठ फिरवली तरी कान उघडे होते माझे. आधी गॅसचं बटण खट्‌कन वाजायचं आणि मग दूध ओतल्याचा आवाज यायचा. आधी गॅस बंद! एवढंसं होतं ते. एवढंसं सांगायला काय जात होतं तुमचं?

दुपारी पुन्हा केला. नाही फाटला. मधुरानं वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "आई, हे बाबाचा टेस्ट नाहीये. पण इट्स रिअली नाइस. मला अजून एक वाटी पाहिजे."

तिला वाढलं आणि सिंकपाशी जाऊन रडले. तुमच्या हातची चव आता कुठेच मिळणार नाही, हे तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा इतकं कळलं नव्हतं. तुमच्यावर चिडलेय आणि तुम्ही हवेही आहात, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी वसंतरावांचा फोन. "वहिनी, बॅकअप म्हणून थोडी ऑर्डर ठेवू का?" म्हटलं, "ठेवा. टेबलाखाली ठेवा." ते हसले. मी नाही हसले.

रविवारी तुमचा फोटो मी टेबलावर ठेवणार नाही. 'यांच्या स्मरणार्थ' अशी पाटीही नको. पाटीवर 'कोल्हापूर' एवढंच लिहीन आणि खाली माझं नाव. लोक म्हणतील, भाऊंची चव नाही आली. म्हणू देत. मी काही भाऊ नाही!

आणि एक शब्द देते. दूध मधुरा घालेल, मी शेजारी उभी राहीन. तिचा रस्सा फाटला तर मी फाटलेला पिईन आणि तिला पुन्हा करायला लावीन. पण आपल्या घरातला पांढरा रस्सा यापुढे कुणाबरोबर सरणावर जाणार नाही.

तुमची, आणि तरीही तुमच्यावर रागावलेली,
शालन