अभिनंदन हॅन्रटीचं

क्विन्सी, २ फेब्रुवारी

ती. मलाकीमामांस, डर्व्हलाचा सा. न.

फोनवर तुम्ही ओरडता आणि माझं पोट कानांवर चालतं, म्हणून पत्र. सोबत टायर्ननच्या बँडची, ‘रस्टी बिशप्स’ची सीडी आहे. नाव ‘क्विन्सीची शेवटची बस’. ध्वनिमुद्रण माझं. पहिली अकरा गाणी तुम्हाला आवडणार नाहीत. आवाज कमी करून ऐकलीत तरी चालेल. बाराव्याच्या सुरुवातीला तुम्ही आहात. उन्हाळ्यात तुमच्या स्वयंपाकघरात बॅगपाइपवर वाजवलेली, आईच्या दफनाच्या वेळची ती संथ धून. मागची फ्रिजची घरघर मी काढून टाकली.

इथल्या वृत्तपत्राने लिहिलं, की हा अल्बम म्हणजे गोदी कामगारांनी चर्चमध्ये काढलेलं भांडण आहे. टायर्ननने दादागिरी करून ते कात्रण माझ्या स्टुडिओत टांगलं. पण माझ्या या भावाच्या मनात वेगळंच आहे. चौदा मार्चला डॉर्चेस्टरच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, आणि बारावं गाणं मामांशिवाय वाजवायचं नाही म्हणतो. मी म्हटलं, मामा तुमच्या गोंगाटात उभे राहणार नाहीत. तो म्हणाला, विचार तर. विचारलं.

मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

डर्व्हला


होल्योक, ११ फेब्रुवारी

चि. डर्व्हला हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

सीडी आयरिश मंडळाच्या हॉलवर लावली. आमचा अख्खा पाइप बँड जमला होता. अकरा गाणी आम्ही सोसली. फादर डेव्हिट पायाने ताल धरताना पकडले गेले, तर म्हणाले, पायाला मुंग्या आल्यात. मग धून लागली. तुझ्या मामीने डोळे पुसले. संपल्यावर सगळे उठले आणि थेट हॅन्रटीकडे गेले. अभिनंदन हॅन्रटीचं! कारण आमच्यात इतका इस्त्री केल्यासारखा पाइप तोच वाजवतो, खिशात स्वर मोजायचं यंत्र ठेवून. आणि त्या लबाडाने नाही म्हटलं नाही. मान खाली घालून लाजला. मी ओरडलो, अरे, तो मी आहे! तर म्हणतो कसा, मलाकी, तुझा पाइप जन्मात कधी इतका सुरात होता का?

पोरी, काय केलंस तू? माझा पाइप चढा आहे. माझ्या बापाकडे होता तेव्हाही चढाच होता. तुझी आई बटाटे सोलताना त्याच स्वरात गुणगुणायची, आणि चर्चचा पियानो उतरलाय म्हणून तक्रार करायची. तिच्या कबरीपाशी मी तिला ओळखीचा स्वर दिला. तू तिथे हॅन्रटीला उभा केलास. चौदा तारखेलाही त्यालाच बोलवा.

मामी म्हणते, फार झालं, फाडून पुन्हा लिहा. पण तिकीट चिकटवून झालंय. आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत.

मलाकीमामा


क्विन्सी, २० फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न.

तुमचं पत्र वाचून टायर्ननने वृत्तपत्राचं ते कात्रण माझ्या स्टुडिओतून काढून नेलं. एरवी मला ते चाललं असतं.

तुमचा पाइप गिटारच्या दोन स्वरांमधल्या फटीत बसतो. बँडशी जुळावा म्हणून मी त्याचा एकेक स्वर खाली ओढला. गणित बरोबर होतं. आईचा स्वर मात्र मी हिशोबात धरला नव्हता.

विकल्या गेलेल्या सीडी परत येणार नाहीत. म्हणून चौदा तारखेसाठी उलटं केलं. तुमचं मूळ ध्वनिमुद्रण लावलं आणि सगळ्यांना तुमच्या स्वरावर चढवलं. गिटारच्या तारा तुटताहेत. अकॉर्डियन वर चढत नाही, म्हणून ते वाजवणारा ओशीन त्या गाण्यात नुसता ढोल बडवणार आहे. म्हणतो, मामा आले नाहीत तर अकॉर्डियन घेऊन त्यांच्या दारात बसेन. वरच्या ओळीला टायर्ननच्या गळ्याचा बोकड होतो, तरी हटत नाही.

तुम्ही आला नाहीत तर आम्ही सगळे विनाकारण बेसूर असू. स्वर ओढणारं माझं यंत्र मी घरी ठेवीन.

लोभ कमी झाला असल्यास तसं कळवावं.

डर्व्हला


होल्योक, १६ मार्च

चि. डर्व्हलाला अनेक आशीर्वाद.

परवा कार्यक्रमाच्या गडबडीत तुझ्याशी बोलणंच झालं नाही. अंगावर कुणाची तरी बिअर सांडली, एका हिरव्या केसांच्या मुलीने माझा मुका घेतला. मामीला तू सांगू नकोस, हॅन्रटीने सांगितलंच आहे. रात्री मला गाडी चालवता येत नाही, म्हणून त्याला आणावं लागलं.

धून सुरू केली तेव्हा तू मागे तुझ्या त्या आवाजाच्या बटणांपाशी उभी होतीस. तुझे ओठ हलत होते. एवढ्या गर्दीत ऐकू काय येणार, पण मान कलली होती ती थेट तुझ्या आईची. म्हणून मी धून आणखी एकदा वाजवली. टायर्ननला वाटलं, मामा थांबायचं विसरले.

परतताना वुस्टरपाशी हॅन्रटीने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, मलाकी, तुझा पाइप चढा होता. मी म्हटलं, गिटार तेवढीच चढी होती, भाचा तेवढाच चढा होता, आणि शेवटी गाणारा सगळा हॉलही. उतरलेला तू एकटाच होतास.

बाकी क्षेम. लोभ असावा, आणि तो चढाच असावा.

मलाकीमामा