कुकरला सांगितलेली गोष्ट

२ डिसें.
हिंगण्याच्या शाळेत 'लेखिका तुमच्या भेटीला'. लेखिका म्हणजे मी. शाल, नारळ, गुलाबाचं रोप. मनीषनगरच्या घरून पोचेस्तोवरच जीव मेटाकुटीला. मुलांनो, तुम्हीही लिहा, हे नेहमीचं भाषण, टाळ्याही नेहमीच्याच. माझं पुस्तक एकानेही वाचलेलं नाही. सवय आहे.
मग कागद वाटले, हवं ते लिहा म्हटलं. सहावीतल्या आचलने पानभर लिहिलं. बाबा कंपनीत रात्रपाळीला, म्हणून त्यांच्या घरी दिवसा रात्र असते. सगळे कुजबुजतात. 'मी कुकरले म्हटलं, शिट्टी नको मारू गा, बाबा झोपून राहिले.' कुकर बिचारा दम धरतो आणि भात करपतो!
असं वाक्य मला कित्येक वर्षांत सुचलेलं नाही. लगेच वर्गात वाचून दाखवलं. मराठीच्या देवतळे सरांच्या हातात कागद दिला, म्हटलं, असं लिहायला पाहिजे मुलांनी. सर भला माणूस. खूश झाले.

३ डिसें.
प्रकाशकाचा फोन. मुलांची पुस्तकं हल्ली कोण घेतं, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे नाहीच.
पण आचलचा तो कुकर डोक्यातून जात नाही. एखादं जरी मूल... असो.

१९ डिसें.
सरांनी बोलावलं. सगळ्या वर्गाच्या गोष्टी तयार म्हणे. हौसेने गेले.
पहिली गोष्ट कुकरची. दुसरी कुकरची. गठ्ठाभर तेच. सगळ्यांचे बाबा रात्रपाळीला. ज्याचे वडील इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला जातात, त्याचेसुद्धा. सरांनी निबंध देतात तशी गोष्ट फळ्यावर लिहून दिली होती, सुधारून. कुकर ऐकत नसतो, म्हणून त्याच्याशी बोलणं काढलं. भातही करपत नाही. शेवटी तात्पर्य: मोठ्यांच्या विश्रांतीत व्यत्यय आणू नये.
"तुम्हीच म्हटलं न मॅडम, असं लिहाले पाहिजे. पाहा, सारेच लिहून राहिले आता."
चहा प्यायले.
आचलचं पान शोधलं. अक्षर सुरेख. तेही फळ्यावरचंच, तात्पर्यासकट.
तिला व्हरांड्यात गाठलं. कुकरशी बोललीस ते कुठे गेलं, विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "ते चुकलं होतं न, मॅडम. म्हणून तर तुम्ही सरले दाखवलं."
तसं नाही गं म्हणत पुष्कळ समजावलं. ती हो मॅडम, हो मॅडम करत राहिली. नवीन काही लिहिलंस का? नाही म्हणून मान हलवली.
परत येताना गाडी बाजूला घेऊन रडले.

२० डिसें.
सरांना फोन. आचलचा पहिला कागद मागितला. तो कच्चा होता मॅडम, रद्दीत गेला.

८ जाने.
सर पुस्तिका छापताहेत. माझी प्रस्तावना हवी. हो म्हटलं, नाही कसं म्हणणार त्यांना. 'या मुलांच्या लेखणीतून' एवढं लिहिलं आणि अडले. खोटं किती लिहायचं.
आचलच्या बाबांचा नंबर मागून घेतलाय. सकाळची शाळा, एव्हाना ती घरी आली असेल. तिला सांगायचंय की तुझं काही चुकलं नव्हतं, माझंच...
फोन हातात घेऊन बसले. भर दुपार. घंटी वाजली असती. बाबा झोपले असतील.
ठेवून दिला.