हिरव्या चकतीची धुलाई

प्रिय मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नाहीस, त्यामुळे आमच्या घरात दोन तट पडलेत. बाकी आम्ही ठणठणीत, लाँड्री जोरात, आणि मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एक छंद जडलाय. दचकू नकोस, जुगार नाही. जुगाराच्या चकत्या! कसिनोत पोकरच्या टेबलावर पैशांऐवजी रंगीत चिपा लावतात ना, त्या जमवायच्या. खेळायचं नाही, नुसत्या जमवायच्या. (तुझ्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळावर हात मारला. म्हणाली, खेळला असतात तर निदान हरून थांबला तरी असतात.)

सुरुवात झाली एका गिऱ्हाइकाच्या कोटापासून. आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊकच आहे. खिशात काहीही सापडो, ते स्वच्छ करायचं, छोट्या पाकिटात घालायचं आणि टाचणीनं त्याच कपड्याला लावून परत द्यायचं. किल्ली, नाणं, कुणाचा दात. (दात एकदाच.) त्या कोटात निघाली लाल चकती. गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे तुम्हालाच. मी ती सहज बोटांत फिरवली, काउंटरवर टक्कन आपटली, आणि मावशी, काय सांगू, तो आवाज ऐकून मी खुळावलोच! दिवसभर टकटक. संध्याकाळी तुझ्या सुनेनं ती चकती आणि मी, दोघांनाही दुकानाबाहेर काढलं.

मग मी धडाक्यात कामाला लागलो. खेळण्यांच्या दुकानातून तीनशे चकत्यांची पेटी उचलली आणि एका दुपारीत मोठा संग्राहक झालो. त्या प्लास्टिकच्या आहेत आणि कुठल्याच कसिनोनं त्या पाहिलेल्या नाहीत, हे आठवड्यानं कळलं. म्हणून खऱ्या कसिनोत गेलो. खिडकीवर नोट दिली, सगळ्यात लहान रकमेची एक चकती घेतली, आणि वळून थेट दाराकडे. पहारेकऱ्यानं अडवलं. इतक्या खुशीत बाहेर पडणारा माणूस त्यानं सबंध नोकरीत पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला संशय आला. मी म्हटलं, खेळायचं नाही, जमवायचीय. तेव्हा तर त्यानं साहेबांनाच बोलावलं.

तिथे मला सोडवलं पत्तेकाकांनी. हे निवृत्त गृहस्थ. तीस वर्षं टेबलापलीकडे उभे राहून लोकांना पत्ते वाटले, स्वतः एक डाव खेळले नाहीत. आता ते बुधवारी दुकानात येतात आणि मला शिकवतात. कसिनो बंद पडला की त्याच्या चकत्या यंत्रात घालून चुरा करतात, म्हणून बंद पडलेल्या कसिनोची चकती म्हणजे जिवाचं मोल. त्यांचा जुना कसिनो असाच मोडला. दोनच हिरव्या चकत्या वाचल्या. एक त्यांनी कधीतरी कुणाला देऊन टाकली, दुसरी आजवर सांभाळली. ती त्यांनी मागच्या बुधवारी माझ्या तळहातावर ठेवली. आठवडाभर बघ, म्हणाले, नजर तयार होईल. फक्त धुऊ नकोस, पुसूसुद्धा नकोस; वरची सोनेरी अक्षरं जुनी आहेत.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक. ती चकती मी कामाच्या एप्रनच्या खिशात ठेवली, ही दुसरी. आणि एप्रन धुवायला टाकला, ही तिसरी. तिच्यावर मी काही बोलणार नाही. गुरुवारी सकाळी एप्रन परत मिळाला. परीटघडीचा, वर टाचणीनं पाकीट लावलेलं आणि तुझ्या सुनेच्या अक्षरात चिठ्ठी: बराच मळ होता, निघाला. डाग काढायचं औषध लावून तिनं ती मऊ ब्रशनं घासली होती. मावशी, चकती लख्ख! सोनेरी अक्षराचा मागमूस नाही. कळल्यावर तीही रडवेली झाली, आणि मला तर घास जात नाही. त्या माणसाच्या तीस वर्षांची एवढीच खूण उरली होती आणि ती आम्ही, दर्जेदार काम करून, पुसून टाकली. येत्या बुधवारी ते न्यायला येणार. मी त्यांना कोणत्या तोंडानं भेटू?

असो. गुडघ्याला शेक दे. मी मजेत आहे.

तुझा भाचा

ता. क. एवढं लांबण लावलं त्याचं कारण वेगळंच आहे. तुझ्या शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली एक हिरवी चकती असते. तू तरुणपणी त्याच कसिनोत पडदे आणि गणवेश शिवायला जायचीस ना? ती चकती मला दे. कुणी दिली, असं लहानपणी विचारलं की तू मला दुकानात दोरा आणायला पिटाळायचीस. आता मी विचारतही नाही. पण बुधवारच्या आत पाठव. आणि कृपा करून धुऊ नकोस.

ता. क. २. घात झाला! पत्र अजून टाकलंही नव्हतं आणि काका आज मंगळवारीच आले. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. सगळं ओकलो, तुझी चकतीसुद्धा. मला वाटलं, आता हे कोसळणार. त्यांनी धुतलेल्या चकतीकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, त्या बाई डाव्या हातानं कात्री धरतात का? मी हो म्हटलं. ते स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि अंगातला कोट काढून म्हणाले, इस्त्री. तातडीची.

ता. क. ३. पाकीट पोस्टात मीच टाकतो, असं काका म्हणताहेत. पोस्ट आमच्या समोरच आहे, पण त्यांनी आत्ता तुझ्या गावाच्या बसची वेळ विचारली. तेव्हा हे पत्र पोस्टमनकडून आलं नसेल, तर तू इथपर्यंत वाचेस्तोवर ते बिचारे दारातच उभे असतील. आधी त्यांना आत घे.