शंभर मीटरवरचे दोन पुंजके

॥ श्री ॥

म्हैसूर, १४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
हरिहरचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर गाऱ्हाणं सांगण्यात अर्थ राहिला नाही, म्हणून लेखी दाखल करतो. वादी मी. प्रतिवादी तुझी लाडकी भाची. वादविषय, एक तराजू.

वैद्यांनी सांगितलेलं चूर्ण वजन करून घ्यावं म्हणून मी सोनारांकडे असतो तसला चिमुकला तराजू आणला होता. तो इराने जप्त केला. त्यावर ती काडतुसं तोलते! तेव्हापासून मी चूर्ण अंदाजाने घेतो आहे आणि परिणाम अंदाजाबाहेर आहेत.

तिचा पूर्वपक्ष असा. तिची रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे सगळ्यात लहान जातीची. तिला परदेशी भारी काडतुसं मिळतात, पण आर्किटेक्टकडे नकाशे काढणाऱ्या मुलीच्या पगारात ती बसत नाहीत. म्हणून साधी घ्यायची, एकेक तोलायचं, आणि एकाच बॅचची, वजन जुळलेली तेवढी सामन्यासाठी वेगळी ठेवायची. सरावाला दुसऱ्या, आणखी स्वस्त बॅचची. दोन निळे डबे, सामन्याच्या डब्यावर लाल टिकली. मी विचारलं, एवढ्या रतीभर फरकाने काय बिघडतं? ती म्हणाली, पन्नास मीटरवर सगळी काडतुसं सभ्य वागतात बाबा, शंभरावर ज्याचा त्याचा स्वभाव बाहेर पडतो. माझ्या वर्गातही मला हाच अनुभव आहे, म्हणून मान डोलावली.

बाकी सरंजामही असाच घरगुती. माझ्या जुन्या पँटचा पाय कापून त्यात वाळू भरली आहे, त्यावर रायफल टेकते. म्हणजे तिची नेमबाजी सध्या माझ्या गुडघ्यावर उभी आहे. वारा कळावा म्हणून तू दिलेल्या इरकलीचा काठ काठीला बांधला आहे. रायफल नागोजीरावांची जुनी, परवान्याचे सगळे हेलपाटे घालून तिच्या नावावर झालेली. नागोजीराव तुला आठवत असतील, आमच्या गल्लीतले, म्हैसूरच्या जुन्या फौजी मराठ्यांपैकी. क्लबात नवशिक्यांना तेच शिकवतात.

पाच ऑक्टोबरला क्लबची शंभर मीटरची स्पर्धा आहे. पहिल्या येणाऱ्याला वर्षभर क्लबची चांगली रायफल आणि काडतुसं मिळतात, आणि राज्य स्पर्धेला नाव जातं. हे जमलं नाही तर हा खेळ आमच्या घरखर्चातून पुढे चालणार नाही. देवश्री, इरा या मायलेकी आणि मी, तिघंही हे जाणतो आणि तिघंही दुसऱ्याच विषयावर बोलतो.

काल तिच्या टारगेटच्या कागदावर मी कॉफीचा पेला ठेवला. गोल डाग पडला. त्यावरून जे व्याख्यान झालं ते अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये होतं आणि दोन्हींत उत्तम होतं. तुझ्यानंतर मला इतकं मनापासून रागावणारं दुसरं कोणी झालं नाही.

तुझ्या रागासह सगळा लोभ आहे तसा राहू दे.
तुझा,
हरिहर


कराड, २१ सप्टेंबर २०२५

चि. हरिहर यास,
अनेक आशीर्वाद.

फिर्याद वाचली. फेटाळली. चूर्ण चमच्याने घे.

पोरगी तोलूनमापून काही करते आहे, तर तू लांब राहा. दुसऱ्याच्या वस्तू सुंदर मांडून ठेवायची तुला खोड आहे. माझ्या प्रयोगशाळेतल्या भिंगांची तू उंचीप्रमाणे रांग लावली होतीस, ती मी अजून विसरलेले नाही. खंडेनवमीला शस्त्रपूजा तूच सांगशील, हे उघड आहे. सांग. पण दिवा लांब ठेव आणि पूजा आटोपशीर कर.

इराला म्हणावं, वाऱ्याला इरकल लाभली, आता तिने माझ्या काठाचं नाव राखावं. देवश्रीला आशीर्वाद. हात आवरता ठेवशील तर माझी माया वाढतच जाईल.

ताई


म्हैसूर, ७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इरा सातवी आली. नऊजणांत.

सविस्तर लिहितो, कारण घरात याबद्दल कोणी बोलत नाही. खंडेनवमीची पूजा फार छान झाली होती. दसऱ्याच्या गर्दीत इथे रिक्षांपासून शिवणयंत्रांपर्यंत सगळ्यांना हार पडतात, मग आपली रायफल का मागे राहावी? इरा ऑफिसच्या पूजेला गेली होती. मी देवघरासमोर रायफल ठेवली, भोवती काडतुसांचं अष्टदल कमळ काढलं, एकेका पाकळीला गंधाचा ठिपका दिला आणि सावकाश, मनापासून पूजा केली. दिवा लांब होता. मग सगळं पुसून जिथल्या तिथे भरून ठेवलं. एवढं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी थर्मास आणि छत्री घेऊन मी हजर. वारा जवळजवळ नव्हता, इरकल निपचित. इरा पालथी झोपली, माझ्या गुडघ्यावर रायफल टेकली. पहिल्या गोळ्या अशा लागल्या की नागोजीरावांनी माझ्याकडे बघून मिशीला हात लावला. आणि मग एक खाली गेली. पुढची वर. पुन्हा खाली. नागोजीराव दुर्बिणीतून बघत होते, त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मागचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी त्या आधी अर्धा तास त्यांना माझ्या मुलीचं कौतुक सांगितलं होतं.

ताई, मी काय केलं सांगू? मी फोन आल्यासारखं केलं आणि उठून चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. फोन बंदच होता.

शेवटी नागोजीरावांनी तिला विचारलं की मगळे, काय झालं? मुलीसारखी म्हणून ते तिला मगळे म्हणतात. तिने सांगितलं की श्वास तुटला. ते म्हणाले, श्वास तुटला की सगळं तुटतं, अष्टे, इतकंच. आणि पुढच्या नेमबाजाकडे वळले.

येताना स्कूटरवर मी तिला एकाग्रतेवर प्रवचन दिलं. चित्त, वृत्ती, अभ्यास, वैराग्य, काही म्हणून सोडलं नाही. हेही म्हणालो की हत्यार निर्दोष असताना चूक माणसाचीच असते. ती पाठीमागे बसून हो म्हणत होती. घरी येऊन मला वाटलं, आपण जरा जास्त बोललो. आता वाटतं, बरंच जास्त बोललो.

तिने टारगेट चुरगळून टाकलं होतं. मी ते उचलून सपाट केलं. सोबत पाठवतो. तुझ्या विषयातलं आहे, तुला त्यात काही दिसतं का बघ. मला नुसती भोकं दिसतात.

या वेळी लोभ जरा जास्त लागेल.
हरिहर


कराड, १३ ऑक्टोबर २०२५

चि. हरिहर यास,
आशीर्वाद.

टारगेट खिडकीवर चिकटवून बघितलं.

श्वास तुटतो किंवा हात हलतो तेव्हा भोकं चहूकडे विखुरतात. इथे तसं काहीच नाही. इथे दोन पुंजके आहेत, एकाच्या बरोबर खाली दुसरा, आणि प्रत्येक इतका दाट की वर रुपया ठेवला तर झाकला जाईल. डावीउजवीकडे ओळंबा लावल्यासारखं सरळ. हे डळमळणाऱ्या मुलीचं काम नव्हे. मी पस्तीस वर्षं मुलांचे प्रयोग तपासले, इतका स्थिर हात क्वचित पाहिला.

गोळी निघाली की पडायला लागते. वेगात निघाली तर कमी पडते, सावकाश निघाली तर जास्त. पन्नास मीटरवर हा फरक डोळ्यांना कळतही नाही, शंभरावर वीतभर सुद्धा होतो. म्हणजे नेम एकच होता आणि काडतुसं दोन प्रकारची होती. वरचा पुंजका एका डब्यातला, खालचा दुसऱ्या.

आता तुला एवढंच विचारते. कमळाच्या पाकळ्या कुठल्या डब्यातल्या होत्या?

मला कळवू नकोस. ज्याला कळवायचं त्याला कळव. माझी माया तुझ्यावर आहेच, ती यावर अवलंबून नाही.

ताई


म्हैसूर, १५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

माझं मराठी लिहिणं तुला माहीत आहे, चुका काढू नकोस. स्पर्धेपासून बाबा नीट जेवत नाहीत, म्हणून लिहिते. टारगेट तुला पाठवलं असं आई म्हणाली. अय्यो, मग तुला कळलंच असणार.

मला रेंजवरच कळलं. सहावं काडतूस हातात घेतलं तर कडेला पिवळं काहीतरी वाळलेलं होतं. नखाने काढलं आणि वास घेतला. चंदन. मग डब्यात बघितलं, आणखी काहींवर होतं. म्हणजे दोन्ही डबे पूजेत मिसळले होते. तिथे तराजू नाही, वेळ चालू, परत निवडणार कसं? मारत राहिले. वरती कुठलं जाणार आणि खाली कुठलं, हे आधी ओळखायला बघत होते. एकदाही बरोबर आलं नाही.

नागोजी आजोबांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं असतं. त्यांचा आवाज तुला आठवत असेल. आणि समोर बाबा छत्री घेऊन. त्यांनी किती प्रेमाने ते कमळ काढलं असेल, मला दिसत होतं. म्हणून श्वास म्हटलं. चूक माझी पण आहे, डबे कुलपात ठेवायला हवे होते. रूलच तो आहे.

एकच गोष्ट लागली. मी पडत होते तेव्हा ते उठून गेले. परत बघितलं तर खुर्चीवर नुसता थर्मास.

परवागिल्ला, चालायचंच. आता बास झालं असं वाटतं. बंगळूरहून एका फर्मचं बोलावणं आहे, तिथे जाईन बहुतेक. बाबांना सांगू नकोस की मला माहीत आहे. त्यांना सोसणार नाही.

मला तुझी आठवण येते, तुलाही येऊ दे.
इरा


म्हैसूर, १९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. देवश्री विचारून गेली की चक्कर आली का. मी हो म्हणालो. या घरात खोट्या आजारांची साथ आहे.

पाकळ्या दोन्ही डब्यांतल्या होत्या. एका डब्यात आठ पाकळ्या पुऱ्या होईनात, म्हणून मी दुसराही ओतला. भरताना मोजून, ओळीने भरली. सगळी सारखीच दिसत होती. सारखी दिसणारी म्हणजे सारखी असं मी धरलं. माझ्या विद्यार्थ्याने हे अनुमान केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

इराकडे गेलो. ती गच्चीवर होती. माझ्या पँटचा पाय उसवून वाळू कुंड्यांत ओतत होती. मी म्हणालो की इरा, खंडेनवमीला मी एक गोष्ट केली. पुढचं वाक्य मी तयार करून आणलं होतं. तिने ते बोलूच दिलं नाही. म्हणाली, परवागिल्ला बाबा, कॉफी करू का? आणि खाली गेली. मी काय केलं होतं, हे तिने विचारलंसुद्धा नाही, त्यावरून मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे, आणि स्कूटरवर बसून माझं प्रवचन ऐकतानाही ठाऊक होतं.

आज सकाळी क्लबात गेलो. सगळे जमल्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की त्या दिवशी इराचा श्वास शाबूत होता. तिची निवडलेली काडतुसं मी पूजेत मिसळली, आणि तिने ते माझ्यासाठी लपवलं. कोणी तरी हसलं. नागोजीराव हसले नाहीत. ते मला रायरे, म्हणजे राव, म्हणतात. म्हणाले, निकाल फिरत नाही रायरे, पण देवापुढे डबा बंदच ठेवायचा असतो, आमच्या घरी पोरं पण हे जाणतात. मग खालच्या आवाजात म्हणाले की मगळेला बोलवा, टारगेट मला परत बघायचं आहे. टारगेट तुझ्या खिडकीवर आहे. भाऊबीजेला येशील तेव्हा घेऊन ये. पण ती त्यांच्याकडे जाईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. बंगळूरच्या नोकरीचं पत्र टेबलावर उघडं पडलं आहे.

घरी येऊन तिला सांगितलं की मी क्लबात बोलून आलो. ती म्हणाली, कशाला उन्हात गेलात? तेवढंच.

माझा तराजू परत आला आहे. स्वच्छ पुसलेला, चूर्णाच्या बाटलीशेजारी. कोणी ठेवला विचारावं लागलं नाही.

काल तिच्या खोलीत एक जुनं, चांगलं टारगेट पडलं होतं. मी मुद्दाम त्यावर कॉफीचा भरलेला पेला ठेवला आणि थांबलो. ती आली. पेला उचलला, कागद ओढणीने टिपला, पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, गरम आहे बाबा, जपून.

ताई, तू ये. आल्यावर मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. ती स्पर्धा हरली, त्याचं दुःख आहेच. मी चिंचेखाली जाऊन उभा राहिलो, त्याची लाज आयुष्यभर पुरेल. पण मला खरी काळजी कसली आहे ते सांगतो. ती मला रागावत नाही. माझ्याकडून काही अपेक्षा धरणंच तिने सोडलं असेल, अशी मला भीती वाटते.

तुझा,
हरिहर